घड्याळं काढून स्क्रीन बसवताना

बाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की भल्याभल्यांची गाळण उडायची. बाई स्वतः किती घाबरट आहेत हे मात्र घरच्यांनाच ठाऊक होतं. लिफ्टमध्ये त्या दाराला चिकटून उभ्या राहायच्या. उंच पुलावरून गाडी जाताना बोलणं मध्येच थांबवायच्या आणि पूल संपला की तिथूनच वाक्य पुरं करायच्या. आणि ह्याच बाई विमान चालवायच्या.

झालं असं की त्यांचा नवरा आणि धाकटा दीर, दोघांनी मिळून दोन सीटचं एक हलकं विमान घेतलं होतं. वर्षभरातच नवऱ्याच्या कानात काहीतरी बिघडलं. बसल्याजागी खोली फिरायची. औषधानं गाडी चालवण्याइतपत बरं वाटलं, पण डॉक्टरांनी विमान चालवायला मनाई केली. आता त्याचा अर्धा वाटा कुणा परक्याला द्यायचा की काय, अशी बोलणी चालू असताना दीर सहज म्हणून गेला की वहिनी, तुम्हीच शिका की. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पन्नाशीला टेकलेल्या बाई पुढच्याच महिन्यात शिकायला गेल्या. भीतीची एकदा खोड मोडावी असं त्यांच्या मनात होतं.

शिकल्या चांगल्या, पण भीतीची खोड काही मोडली नाही. प्रत्येक उड्डाणाआधी पोटात गोळा यायचा. रुग्णाच्या तोंडात केसाएवढाही न हलणारा त्यांचा हात विमानात थरथरायचा. ते दिसू नये म्हणून त्या विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी धरायच्या. दीर त्यांच्या अगदी उलट. त्याचा घरोघरी पाण्याचे पाइप आणि हीटर बसवायचा धंदा होता. तो छपरांवर मांजरासारखा चालायचा आणि शीळ घालत विमान उडवायचा. शेजारी तो असला की बाईंना जरा धीर यायचा.

तो धीर एका दुपारी संपला.

दोघं तळ्यापलीकडच्या धावपट्टीवरून घरी परतत होते. विमान दीर चालवत होता, बाई उजवीकडे बसल्या होत्या. वाटेत टेकड्यांची रांग होती आणि तिच्या माथ्यावर ढग येऊन बसला होता. वळसा घालायचा तर लांबचा फेरा पडणार. दीर म्हणाला, एवढासा तर आहे, इकडून शिरलो की तिकडून बाहेर. अशा विमानानं ढगात शिरायचं नसतं हा नियम दोघांनाही पाठ होता. पण बाई तोंड उघडेपर्यंत खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या.

ढगात माणसाला आपण सरळ आहोत की कललोय हे कळत नाही. अंग एक सांगतं आणि विमान भलतंच करत असतं. म्हणून समोर एक घड्याळ असतं. त्यात वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये एक रेघ, म्हणजे क्षितिज. ती रेघ बघून विमान सरळ ठेवायचं. ह्या विमानातलं ते घड्याळ जुनं होतं. रेघ सरळ धरणारा त्याच्या आतला फिरता भोवरा झिजला होता आणि रेघ हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, खोटं बोलायला लागली होती. दीर तिच्यावर विश्वास ठेवून चालवत होता. बाईंची नजर होकायंत्राकडे गेली. विमान सरळ असतं तर ते स्थिर असायला हवं होतं.

"भावोजी, होकायंत्र फिरतंय."

"सरळ आहोत वहिनी. ही रेघ बघा ना."

वाऱ्याचा आवाज वाढला. बाईंना कुणीतरी वरून सीटमध्ये दाबतंय असं वाटायला लागलं. आणि एकदम ढग संपला. बाजूच्या खिडकीत, जिथे आकाश असायला हवं तिथे, झाडं होती. त्यांच्या फांद्या वेगळ्या मोजता आल्या असत्या इतकी जवळ. दिरानं हिसका देऊन विमान वर काढलं. मग शेतं पुन्हा खाली गेली, आकाश वर आलं.

उतरल्यावर दिरानं नेहमीसारखी विमानावर खोळ घातली, दोऱ्या आवळल्या आणि शीळ घालत गाडीकडे गेला. त्या शिळेचा बाईंना फार राग आला. ह्या माणसाला काहीच झालं नाही, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन त्या बराच वेळ गरम पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याला काही सांगितलं नाही.

त्यानंतर त्या जमिनीवरही घाबरायला लागल्या. दवाखान्याच्या खिडकीचा पांढरा पडदा वाऱ्यानं फुगला तरी छातीत धस्स व्हायचं. धावपट्टीवर जायची वेळ आली की नेमका एखादा रुग्ण निघायचा. नाही निघाला तर त्या काढायच्या.

इकडे दिरानं दाखवल्यावर विमानाच्या मेकॅनिकनं ते घड्याळ उघडून बघितलं आणि सांगितलं की हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, बाकीचीही त्याच वयाची आहेत. त्यापेक्षा सगळी काढून टाका आणि स्क्रीन बसवा. हल्ली वेग, उंची, क्षितिज, इंजिनाची तब्येत, नकाशा, सगळं एका काचेवर दिसतं. फिरता भोवरा नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. दिराला हेच हवं होतं. तो त्याच आठवड्यात बाईंना घेऊन ही यंत्रं विकणाऱ्या दुकानात गेला.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर ओळीनं स्क्रीन पेटलेले, समोर विमानातल्यासारख्या दोन सीटा. दुकानदार उत्साही होता. त्यानं सगळ्यात मोठा स्क्रीन लावला. बोट टेकवलं की चालणारा, एकही बटण नसलेला. त्यावर त्यानं एक गंमत दाखवली. बाहेर काहीही असो, धुकं असो की ढग, हा यंत्राच्या पोटात साठवलेल्या नकाशावरून पुढचा सगळा मुलूख चित्रासारखा काढून दाखवतो. हिरवी दरी, तपकिरी डोंगर, लांबवर धावपट्टी. चित्र इतकं सुरेख होतं की त्यात उतरून फिरायला जावं.

"म्हणजे ढगात असलो तरी डोंगर दिसणार," दीर म्हणाला.

त्याचा चेहरा त्या निळ्या-हिरव्या उजेडात उजळला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं. हा माणूस पुन्हा ढगात शिरणार, आणि ह्या वेळी खुशीत शिरणार.

मग त्या दुकानदाराला प्रश्न विचारत सुटल्या. हा बंद पडला तर? वीज गेली तर? दुकानदार म्हणाला, आत बॅटरी आहे. ती संपली तर? तसं होत नाही, तो म्हणाला. झालं तर? दीर शेजारी उसासे टाकायला लागला. मग बाई सीटवर बसल्या, डोळे मिटले आणि दुकानदाराला सीट जोरात हलवायला सांगितलं. तो बिचारा हलवायला लागला. बाईंनी डोळे उघडून उंचीच्या आकड्यावर बोट टेकवायचा प्रयत्न केला. बोट नकाशावर पडलं. पुन्हा केला, रेडिओवर पडलं. त्या म्हणाल्या की मला फिरवायची बटणं असलेला दाखवा, हात थरथरत असताना धरता येईल असं काहीतरी. दुकानदारानं मधल्या आकाराचा एक स्क्रीन काढला. त्याच्या कडेला जाड बटणं होती आणि खाली एक वेगळं, निळं. ते कशाचं, बाईंनी विचारलं. दुकानदार म्हणाला, काहीच सुचेनासं झालं की हे दाबायचं. विमान स्वतःहून सरळ होतं आणि सरळ राहतं.

"ते घाबरणाऱ्यांसाठी असतं वहिनी," दीर म्हणाला.

"मग आपल्यासाठीच आहे," बाई म्हणाल्या.

काही न ठरवता दोघं परतले. गाडीत दीर फुरंगटून बसला होता.

रविवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरात भाजी निवडत बसला होता. शांत माणूस, बोलण्याची घाई कधीच नसायची. त्यानं विचारलं की स्क्रीनचं काय झालं. बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्या दुपारचं सगळंच बाहेर पडलं. होकायंत्र, झाडं, शीळ. नवऱ्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. सख्खा भाऊ आणि बायको एकाच विमानात होते, हे त्याला तेव्हा कुठे उमगत असावं. मग म्हणाला, "तुला नक्की कशाची भीती वाटते? विमानाची की त्याची?"

बाईंनी विचार केला. "त्याची," त्या म्हणाल्या.

"मग हे त्याला सांगायला हवंस. मला सांगून काय उपयोग?"

सांगायची संधी अशी आली की कुणी ठरवूनही आली नसती. दिराची दाढ वर्षभर कुरकुरत होती आणि तो वर्षभर टाळत होता. शेवटी गाल टोपलीएवढा सुजला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला दवाखान्यात आणून सोडलं. तो खुर्चीत बसला आणि बाईंनी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. छपरांवर बिनधास्त चालणारा हा माणूस घामानं भिजला होता. खुर्चीचे हात त्यानं असे धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. सुई दिसताच त्यानं डोळे घट्ट मिटले. बाईंनी हळूच इंजेक्शन दिलं, सुई बाजूला ठेवली आणि गाल बधिर होईपर्यंत थांबायचं म्हणून स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या.

"भावोजी, तो मोठा स्क्रीन नको. तो लावलात तर तुम्ही पुन्हा ढगात जाल. आणि मी शेजारी असेन किंवा नसेन, मला ते सहन होणार नाही."

दिरानं डोळे उघडले, पण छताकडेच पाहिलं. त्याचा ओठ एका बाजूला लोंबायला लागला होता, शब्द बोबडे येत होते.

"मला त्या दिवशी वर कुठे, खाली कुठे, काही कळत नव्हतं वहिनी. अजून पाइप जोडायला वाकलो की डोळ्यांसमोर ती झाडं येतात."

"तुम्ही तर शीळ घालत होतात."

"दात वाजत होते. शीळ घातली की वाजत नाहीत."

दीर मग अडखळत म्हणाला की तो स्क्रीन त्याला हवा होता तो मिरवायला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर निदान काहीतरी दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. इतके दिवस दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होते आणि एकमेकांपासून लपवत होते. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. आपण ज्याच्या जोरावर वर जात होतो तोही आपल्याइतकाच घाबरलेला आहे, हे कळल्यावर आता धरायला काहीच उरलं नाही, असं त्यांना झालं. त्यांनी मास्क वर ओढला आणि दाढेचं काम मात्र नेहमीसारख्याच स्थिर हातानं केलं.

निवड मग फारसा वाद न होता झाली. मधल्या आकाराचा, बटणांचा, निळ्या बटणासकट असलेला स्क्रीन. त्याच्या शेजारी तळहाताएवढं एक वेगळं क्षितिज, दुसऱ्या कंपनीचं, स्वतःच्या बॅटरीवर चालणारं, म्हणजे एकाला जे होईल ते दुसऱ्याला होऊ नये. डोंगर-दऱ्यांचं ते चित्र ह्या स्क्रीनमध्येही होतंच. पण बाईंची अट होती की ते बंद ठेवायचं. दिरानं मान्य केलं. मेकॅनिकनं जुनी घड्याळं काढली तेव्हा पुढच्या फळीला गोल गोल भोकं पडली, वायरींचे झुबके लोंबायला लागले आणि बाईंना दात काढलेल्या जबड्याची आठवण झाली. नवी फळी बसली, वायरी जोडल्या. विमान जमिनीवरच गोल गोल फिरवून स्क्रीनवरची दिशा खऱ्या दिशेशी जुळवून घेतली.

पहिली काही उड्डाणं स्वच्छ उन्हात झाली. बाई हळूहळू बटणांना सरावल्या. आणि मग, शरदातल्या एका सकाळी, दोघं पुन्हा तळ्यापलीकडे गेले. येताना विमान बाई चालवत होत्या.

टेकड्यांवर पांढरटपणा होता. ढग म्हणावा असा नाही, दुधाळ हवा. मधल्या खिंडीतून पलीकडचं माळरान दिसत होतं. खिंड नीट कुठे आहे ते बघावं म्हणून, फक्त एकदा बघावं म्हणून, बाईंनी बटण फिरवून ते चित्र लावलं.

स्क्रीनवर खिंड लख्ख उघडी होती. दोन्ही बाजूंना तपकिरी टेकड्या, मध्ये हिरवी वाट, पलीकडे त्यांची धावपट्टी. बाईंचा श्वास मोकळा झाला. त्यांच्या लक्षात आलं की हात थरथरत नाहीयेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना विमानात भीती वाटत नव्हती. त्या चित्राकडे बघत, वाटेच्या बरोबर मधोमध, त्या निघाल्या होत्या. केवढं सोपं होतं सगळं.

"वहिनी," दीर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वहिनी, बाहेर बघा."

बाईंनी मान वर केली. बाहेर खिंड नव्हती. टेकड्या नव्हत्या. पंखाचं टोक होतं आणि त्यापुढे काही नव्हतं. मग पंखाचं टोकही गेलं.

अंगावर गार पाणी ओतावं तशी भीती परत आली. ज्याला आपण घाबरत होतो ते दिरानं नाही, आपणच केलं. हात एवढे थरथरायला लागले की दांडा हलायला लागला आणि स्क्रीनवरची रेघ कलली. छोट्या क्षितिजातली रेघही तशीच कलली होती. म्हणजे दोन्ही खरं बोलत होती आणि चूक बाईंची होती. दिराचा हात दांड्याकडे आला आणि अर्ध्यात थांबला. त्यालाही वर-खाली कळत नव्हतं. बाईंनी बोटांनी स्क्रीनची खालची कड चाचपली. एक जाड बटण, दुसरं, मग ते. त्यांनी दाबलं.

विमान हळूच सरळ झालं आणि सरळ राहिलं. पण सरळ म्हणजे टेकडीकडेच.

"वळवा," दीर म्हणाला. "आलो तिकडेच."

बाईंनी दिशेचं बटण एकेक खाच मोजावी तसं फिरवलं. विमान स्वतःहून त्या दिशेला वळायला लागलं. ते वळण कधी संपतच नाही असं वाटत होतं. बाईंच्या अंगाला वाटत होतं आपण उलटे होतोय, खाली पडतोय. सगळं अंग ओरडत होतं की दांडा ओढ. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. दीर छोट्या क्षितिजावर नजर लावून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बरोबर. बरोबर. बरोबर." आणि मग पांढऱ्यात एक करडी रेघ दिसली, ती रस्ता झाली, रस्त्यावर एक ट्रक दिसला, आणि तळं.

दोघं तळ्यापलीकडच्या धावपट्टीवरच परत जाऊन उतरले. इंजिन बंद केल्यावर दोघं तसेच बसून राहिले. दिरानं शीळ घातली नाही. त्याचे दात वाजत होते आणि त्यानं ते वाजू दिले. बाई म्हणाल्या, मीच लावलं ते चित्र. तो म्हणाला, मीही तेच बघत होतो, तुमच्यासारखाच, बाहेर नजर गेली ती मान अवघडली म्हणून.

नवरा गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. बाईंनी त्याला रस्त्यातच सगळं सांगितलं. तो चिडला. तो चिडलेला बाईंनी क्वचितच पाहिला होता. घरापर्यंत तो समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता बोलत होता, विमान विकून टाका, ह्या घरात मला दोघं हवेत. दोघांनी ऐकून घेतलं. त्याचं चुकत होतं असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

विमान मात्र विकलं गेलं नाही. मेकॅनिकला तळ्यापलीकडच्या धावपट्टीवर नेऊन बाईंनी ते चित्र स्क्रीनमधून कायमचं काढून टाकायला लावलं. तो म्हणाला की चांगली सोय आहे, लोक ह्याच्यासाठी तर स्क्रीन घेतात. बाई म्हणाल्या, असेल, आम्हाला झेपत नाही.

हवा मोकळी व्हायला काही दिवस गेले. मग दोघं गाडीनं तळ्यापलीकडे गेले आणि विमान आणायला बसले. दिरानं विचारलं, मी चालवू का. बाईंचे हात थरथरत होते. त्या म्हणाल्या, नको, मी चालवते. टेकड्यांवर त्या दिवशी ढगाचं नावही नव्हतं, खिंड आरपार दिसत होती. तरी बाईंनी लांबचा फेरा घेतला, नदीच्या कडेकडेनं, सगळा वेळ डोळे बाहेर लावून. दिरानं एकदा मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि तोही पुन्हा बाहेर बघायला लागला.